गाडीखालची खडूची फुली

माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मी तेच म्हणणार आहे. आम्ही नागपूरचे बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. अंगात येणं, उतारा टाकणं, मेलेल्यांना जेवू घालणं, यातलं मी जन्मात काही केलं नाही. शेजारणीला झपाटलंय म्हणून गल्ली जमली होती, तेव्हा तिच्या तोंडावर पाणी मारून मीच तिला दवाखान्यात नेलं होतं. चौथीपर्यंत शिकले, पण मेलेला माणूस परत येत नाही एवढं मला कळतं.

तर आता जे झालं ते सांगते.

आमचे हे डेंटर होते. म्हणजे ठोकरलेल्या, गंजलेल्या गाड्यांचा पत्रा नीट करणारे. सही सोडून त्यांना लिहिता येत नव्हतं. गाडी आली की बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत फिरायचे. चांगला पत्रा टणटण बोलतो, आतून कुजलेला थपथप. थपथप आलं की तिथे खडूनं गोल. आणि इतका कुजलेला असला की खाली जॅकसुद्धा लावू नये, तर गोलात फुली. एकदा पत्र्यानं त्यांच्या अंगठ्याची शीर कापली होती. तेव्हापासून खडू हातात नीट ठरत नसे, आणि फुलीचा शेवटचा फराटा घसरून गोलाच्या बाहेर जायचा... शेपटीसारखा. ती शेपटी मी शंभर गाड्यांत ओळखली असती.

आनंदला, आमच्या एकुलत्या एका पोराला, मी गॅरेजच्या दारात उभं राहू दिलं नाही. पाचवीपासून हॉस्टेलला ठेवला. तो इंजिनिअर झाला, सिंगापूरला आला, आणि हे गेल्यावर मलाही इथे घेऊन आला. तिथल्या यिशुन भागात आमचा फ्लॅट — तो, सून शीतल, नात मित्रा आणि मी.

तीन वर्षांपूर्वी त्यानं कुणा म्हाताऱ्याची जुनी अमेरिकन गाडी घेतली. पन्नास-साठ वर्षांची. अमेरिकेत असल्या गाडीला छोटी म्हणतात म्हणे. आमच्या हॉलमध्ये मावली नसती.

"आई, बाबांकडे आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची अशीच यायची. आठवते?"

"आठवते. नुसता गंज होता."

तो हसला. पण खरंच नुसता गंज होता. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, पुढची चाकं कुरकुरायची, कार्बोरेटर पाझरायचा. हे सगळं सामान बदलून नीट झालं. गंज मात्र हटेना. या गाड्यांच्या पुढच्या काचेखाली जाळी असते. तिच्यात पानं साचतात, पाणी अडतं, आणि ते आत पायाखाली झिरपतं. वर गालिचा, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. त्यात इथली हवा कायम ओली. एका जागचा पत्रा कापून नवा जोडला की शेजारी दुसरं भोक.

आनंदचा प्रत्येक रविवार लिम अंकल नावाच्या मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या ब्लॉकपासून बसनं चार स्टॉप. मित्रा इथल्यासारखा 'लाह' लावून म्हणायची, "पापा लव्ह्ज द कार मोअर लाह." शीतलनं तर बोलायचंच सोडलं होतं. मी मात्र बोलायची. "तुझा बाप पैसे घेऊन पत्रा ठोकायचा. तू पैसे देऊन ठोकतोस. मग शिकवला कशाला तुला?"

"आई, एकदा गाडी सरकारी तपासणीत पास होऊ दे. मग सगळे रविवार तुमचे."

तपासणी सोमवारी होती. शनिवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. लिम अंकलनं बसायला बुटकं स्टूल दिलं. "आंटी, सिट, सिट. युवर सन क्रेझी लाह!" असं म्हणून तो त्याच्या कामाला गेला. आनंद हात धुवायला गेला. मी डबा उघडला, फडकं हातात घेतलं आणि समोर बघितलं.

गाडीच्या दाराखाली, पुढच्या चाकामागे, काळा रंग मारलेली पट्टी होती. स्टुलावर बसल्यामुळे ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. तिच्यावर पांढरा गोल. गोलात फुली. आणि फुलीची शेपटी बाहेर.

मी बोटाचं पेर लावून वाजवलं. रंगाचा थर जाड होता, नीट कळलं नाही... किंवा मला कळून घ्यायचं नव्हतं. लिम अंकलनं खूण केली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शेपटी दिसत होती तरी. आनंदनं ही फुली बघितली तर तो पुन्हा पत्रा कापणार, तपासणी हुकणार, आणखी तीन महिने रविवार जाणार — माझ्या डोक्यात एवढंच आलं. मी फडक्यानं ती पुसून टाकली.

आनंद आला. "काय पुसतेस?"

"धूळ होती."

"राहू दे गं. उद्या पॉलिश करायचीच आहे. डब्यात काय आहे?"

"वांगी."

"हाण तिच्या!" म्हणाला आणि तिथेच मांडी घालून बसला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी तो शेवटची नजर टाकायला गेला. गाडी उचलायच्या मशीनवर दुसऱ्या कुणाची गाडी होती. म्हणून त्यानं आपली जॅकनं उचलली आणि खाली घोडी लावली — लोखंडी टेकू असतो तो. नेमकी त्या पट्टीखाली. वरून काळा रंग, आत सगळा भुगा. घोडी पापडातून जावी तशी पत्र्यातून वर गेली. आनंद खाली होता.

याहून जास्त मी लिहिणार नाही.

महिन्याभरानं मी शीतलला घेऊन लिम अंकलकडे गेले. शनिवारी गाडीवर खडूनं खूण कुणी केली, एवढं विचार म्हटलं. तो रडायलाच लागला. "चॉक? नो चॉक हिअर, आंटी. आय यूज मार्कर." त्याचा मार्कर पिवळा. त्याच्याकडे खडू नाही. मित्रा शनिवारी ट्यूशनला होती. आणि आनंदनं लहानपणी चोरून बघितलेली खूण स्वतःच काढली असेल म्हणावं, तर त्यानं तिथे घोडी कशाला लावली असती? फडक्यावर खडूचा डागही उरला नव्हता. शीतलनं ते बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकलं होतं.

परत येताना बसमध्ये शीतलनं विचारलं, "आई, खडूचं काय आहे?"

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. उतरताना ती म्हणाली, "मला नको होतं सांगायला."

त्याला आता वर्ष झालं. ती मला वेळेवर चहा देते, औषध देते. मला आई म्हणायची ती थांबली आहे. आता मला काहीच म्हणत नाही.

आत्मा आम्ही मानत नाही. मग कोण आलं होतं? डोळ्यांना भास झाला म्हणावं, तर पत्रा फाटला तो त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही. डॉक्टर झाले, विहारातले भंतेजी झाले, सगळ्यांना विचारून झालं.

आणि हेच आले होते असं एका क्षणासाठी धरलं, तर मला त्यांना एकच विचारायचं आहे. तुम्हाला इतक्या लांब येऊन फुली काढता आली. मग मी पुसत होते तेव्हा माझा हात का नाही धरलात?