आवळलेले टॅपेट

आमच्या गाडीचे इंजिन टिकटिकू लागले तेव्हा मी घरी शिवणकाम करत असे. मशीन खडखडले की उलटे करायचे, तेल घालायचे, सैल स्क्रू आवळायचा, की ते गप्प होई. यंत्र आवाज करते म्हणजे त्यात काहीतरी ढिले आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

गाडी जुनी, चार सिलिंडरची. ह्यांनी मुंबईची नोकरी सोडून ती घेतली होती आणि मालवण-कुडाळ अशी भाड्याने चालवत होते. तिठ्यावर गाडी वळली की तिथे बसलेले ओरडत, "इली रे, शिवणाची मशीन इली! आज वयनीक सुट्टी काय रे?" हे हसत. मला हसू येत नसे. त्यात नणंदेचे लग्न आठ दिवसांवर आले होते आणि नवऱ्यामुलाला कुडाळाहून आमच्याच गाडीतून आणायचे होते.

ह्यांनी मेस्त्रीला बोलावले. साठीचा माणूस. तरुणपणी आगबोटीच्या इंजिनाजवळ राबला होता आणि कान तिथेच ठेवून आला होता. समोर उभे राहून मोठ्याने बोलले तर ऐकू येई. तरी आमच्या भागातले गाडीवाले त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला इंजिन उघडू देत नसत. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवले आणि त्याची मूठ दातांत धरली. "कानापेक्षा हाडाक बरा समाजता," म्हणाला.

मग त्याने वरचे झाकण काढले. आत आठ लहान दांड्या एकीमागून एक खाली वाकून व्हॉल्व उघडत होत्या. दांडीच्या टोकाला बारीक स्क्रू, तो टॅपेट; तो आणि व्हॉल्व यांच्यातली फट म्हणजे टॅपेटचा गॅप. त्याने निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पत्त्यांतून एक पातळ पत्ती निवडली आणि एकेका फटीत सरकवून पाहिली. तिसऱ्या फटीत ती गेली आणि टिकटिक थांबली, काढली तशी पुन्हा सुरू झाली. "ह्यो चोर," तो म्हणाला. इंजिन थंड होऊ दिले, हँडलने फिरवत फिरवत आठही फटी पत्तीने मोजल्या आणि पत्ती जेमतेम सरकेल एवढी जागा ठेवून प्रत्येकीचा नट आवळला. मी शेजारी उभी राहून सगळे पाहिले. हातचे काम पाहायला मला आवडते.

गाडी सुरू केली. मोठा आवाज गेला होता. बारीक, एकसारखी टिकटिक मात्र उरली होती.

"मेस्त्र्यानू, आवाज आसा अजून," मी म्हणाले.

"आसूंदे गो बाये. लोखंड तापला काय वाढता, तेका जागो व्हयो, नायतर व्हॉल्व पुरो मिटणा नाय. टिकटिकता तो व्हॉल्व जगता. गप रवता तो जळता."

अंगणात दोन ड्रायव्हर येऊन उभे होते. त्यांच्यादेखत मी मोठ्याने म्हटले, "तुमका ऐकाक येयना, म्हणान आमी टिकटिक करीत फिराचा?" ते दोघे खो खो हसले. मेस्त्रीही हसला आणि पत्त्या पुसून खिशात घातल्या.

दुसऱ्या दिवशी हे आमंत्रणे करायला पायी गेले. मी गाडीची हत्यारे काढली आणि झाकण उघडले. कालचे सगळे ध्यानात होते. हँडल फिरवायचे, नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, नट घट्ट करायचा. फक्त पत्ती माझ्याकडे नव्हती आणि मला ती नकोही होती. आठही टॅपेट फट उरणार नाही इतके आवळले. स्टार्टर ओढला. इंजिन लोण्यासारखे चालले.

संध्याकाळी ह्यांनी गाडी काढली आणि तिथूनच हाक मारली, "अगो, भायर ये! मेस्त्र्यान काय काम केल्यान बघ! आवाज म्हणान नाय!" मी केले असे सांगायला मजा आली असती. पण बायकोने इंजिन उघडले हे ह्यांना रुचले नसते. लग्न झाले की सांगू, असे ठरवून मी गप्प राहिले.

दोन-तीन दिवसांत हे म्हणू लागले की गाडी चढाला दमते. आणि लग्नाच्या दिवशी, नवरामुलगा आत बसलेला असताना, ती चढावर धडाधड आवाज करून बसलीच. नवरामुलगा बैलगाडीतून आला. मुहूर्त कसाबसा साधला. वरमाय पंगतीत म्हणाली, "गाडी धाडतंव म्हणालास, नि धाडलास गाडो!" ह्यांनी भर मांडवात मेस्त्रीचे नाव घेतले. बहिऱ्याने इंजिनाची वाट लावली, हे त्या दिवशी मांडवातल्या सगळ्यांनी ऐकले.

निरोप गेला तसा मेस्त्री लगेच आला. झाकण काढून त्याने पत्ती लावली. पहिल्या फटीत गेली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, आठही ठिकाणी तेच.

"हेका कोणी हात लावलो?"

"कोण लावतलो? मी लावूक नाय," हे म्हणाले.

मी चहाचा पेला घेऊन तिथेच उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

मेस्त्री बराच वेळ पत्त्या उलटसुलट करत राहिला. "पत्तीच चुकीची घेतलंय असतलंय," तो शेवटी म्हणाला. "कान गेले, आता डोळे जातत."

मी तेव्हा बोलायला हवे होते. चहा द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सांगून झाले असते. मी पेला खाली ठेवला आणि आत गेले.

दोन दिवस बसून त्याने व्हॉल्व घासले, जळलेले दोन बदलले. शेवटी गॅप ठेवताना त्याने मला बाहेर बोलावले. "बाये, तुझे कान बरे. तू आयक. बारीक टिकटिक आसा मां?" मी इंजिनावर वाकले. आवाज पहिल्या दिवशीसारखाच होता. "आसा," मी म्हणाले. त्याचा विश्वास बसेना. त्याने मला आणखी तीनदा विचारले.

त्यानंतर त्याने इंजिन उघडायचे सोडले. कोणी आग्रह केला तर स्वतःच सांगे, "माका गावणा नाय रे आता." पंक्चर काढी, ब्रेक बघी. ह्यांना मी खरे सांगितले ते चारेक वर्षांनी, मेस्त्री वारल्यावर. हे जेवत होते. हात धुऊन बाहेर निघून गेले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. तिठ्यावर मात्र ती गोष्ट बहिऱ्या मेस्त्रीची म्हणूनच राहिली. जुने ड्रायव्हर ती अजून रंगवून सांगतात आणि मी समोर असले तर मला साक्षीला घेतात.

म्हणून लिहून ठेवते. त्याने आठही टॅपेटना बरोबर जागा ठेवली होती. ते आवळले मी.