डोंगराकडे तोंड, समुद्राकडे पाठ

यंदा फेब्रुवारीत आम्ही मालवणला गेलो ते फिरायला नाही, तर आमची जागा ठेवायची की विकायची हे ठरवायला. मालवणच्या अलीकडे, डोंगरउतारावर काही वर्षांपूर्वी आम्ही जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथून काजूंच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो. माझा नवरा विलास बँकेतून निवृत्त व्हायच्या आधीपासून मनातल्या मनात रोज तिथल्या व्हरांड्यात बसून सूर्यास्त बघत होता.

घर बांधायचं ठरलं आणि कोल्हापुरातल्या एका वास्तुसल्लागाराने नकाशा पाहून मान हलवली. जमीन पूर्वेला किंवा उत्तरेला उतरती हवी, नैऋत्य बाजू उंच आणि जड, पाणी ईशान्येला हवं. तुमचा उतार पश्चिमेला, सगळंच उलटं, विकून टाका, म्हणाला. ठेकेदाराचं म्हणणं वेगळं. जेसीबी लावू, वरची बाजू कापू, खाली भराव टाकू, दोन दिवसांत मैदान. विलासने शनिवारचा जेसीबी सांगूनही टाकला होता.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. घाटापासून समुद्रापर्यंत अख्खं कोकणच पश्चिमेला उतरतं. मग इथल्या लोकांनी आजवर घरं बांधली तरी कशी?

बुधवारी उजाडताना कोल्हापूर सोडलं. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात, तेव्हा गाडी हळू ठेवा. कणकवलीत पोटभर खाऊन घ्या, मग महामार्गाने कसाल आणि तिथून उजवीकडे मालवणचा रस्ता. रस्ता चांगला आहे, पण वळणं संपत नाहीत.

मुक्काम आमच्या जागेजवळच्या गावात सुलभाबाईंकडे होता. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी गाव त्यांना अजून ‘बाई’च म्हणतं. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. राहणं-जेवण धरून दोघांचे दिवसाला अडीच हजार. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी यांवर मी वेगळा लेख लिहू शकेन. जेवताना विलासने आमची अडचण सांगितली. बाई आमच्याशी शुद्ध मराठीत बोलायच्या, पण विषय मनावर घेतला की मालवणीत शिरायच्या.

“उद्या सकाळी आमच्या देवळात येवा,” त्या म्हणाल्या. “बघा, आणि मगे काय ता ठरवा.”

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. देवस्थानाला फोटो आणि गर्दी नको आहे. गाडी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, ठेवून जांभ्याच्या पायऱ्या उतरायला लागलो. दोन्ही बाजूंना पोफळी. आम्ही समुद्राच्या दिशेने उतरत होतो आणि देव आमच्याकडे, म्हणजे डोंगराकडे तोंड करून बसला होता. वरून देऊळ अगदी बुटकं, कौलारू, साधं दिसलं. विलास म्हणालाच, “यात बघायचं काय?”

गुरवीण अंगण धूत होती, तिच्याकडे बाईंनी बोट दाखवलं. “पाणी खंय जाता ता बघा.”

गुरविणीने बादली ओतली. एवढा डोंगर पश्चिमेला उतरतोय, तर पाणी देवळाकडे जाणार असं मी धरून चालले होते. पाणी क्षणभर थबकलं आणि आमच्याकडे यायला लागलं. समुद्राकडे पाठ फिरवून, डोंगराच्या बाजूला. फरशांवरून ते सावकाश ईशान्येच्या कोपऱ्याकडे सरकलं. तिथे कातळात खोदलेली तळी होती. तळीच्या काठाला दगडी पन्हळ होती, तिच्यात ते उतरलं, उत्तरेच्या अंगाने देवळाला वळसा घातला आणि मागच्या भातखाचरांकडे गेलं. मी चप्पल काढलेल्या पायांनी तिथेच उभी राहिले.

“परत एकदा ओतता का?” विलासने गुरविणीला विचारलं. तिने हसून ओतली. पाणी पुन्हा त्याच वाटेने गेलं.

मग प्रदक्षिणा घालताना मागच्या बाजूला आलो, कठड्यावरून खाली पाहिलं, आणि समोरून बुटकं दिसणारं देऊळ तिथे गडाच्या तटासारखं उभं होतं. पश्चिमेचं जोतं खालच्या उतारापासून जांभ्याच्या चिऱ्यांनी चढवत आणलेलं, नैऋत्येचा कोपरा तर सगळ्यात भक्कम. माडांचे शेंडे आमच्या पायांखाली होते. पूर्वेला, जिथे डोंगर थोडा कापला होता, तिथे कापाच्या वर एक चर खणलेला होता. डोंगराचं पाणी देवळावर येण्याआधीच तो दोन बाजूंना वाटून टाकतो. शास्त्राने सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं: पश्चिम उंच, नैऋत्य जड, ईशान्येला पाणी. आणि तरीही डोंगर जवळजवळ जसा होता तसाच होता.

“डोंगर कोणाक फिरवूक येता?” बाई म्हणाल्या. “पण आपल्या अंगणापुरतो उतार आपण करूक येता. आमची घरां पण अशीच.”

विलास कठड्याला हात टेकून समुद्राकडे बघत होता. “म्हणजे समुद्र पाठीमागे?”

“समुद्राकडे तोंड केल्यार मिरगापासून दार उघडूक गावाचा नाय. पावस थयसूनच येता.”

म्हणजे पावसाळाभर दार बंदच. त्या दिवशी दुपारी विलास नीट जेवला नाही. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण त्या व्हरांड्याच्या भरवशावर त्याने नोकरीची शेवटची वर्षं काढली होती. ते स्वप्न सोड असं त्याला सांगायचं धाडस मला होईना.

शुक्रवारी आमच्या जागेवर गेलो. विलास नेहमीप्रमाणे समुद्र बघत उभा राहिला, मग हळूच वळला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तो तिथे डोंगराकडे तोंड करून उभा होता. वर ऐनाची झाडं, त्यांच्यामधून तिरपं येणारं ऊन, उघडा पडलेला तांबडा कातळ. नंतर म्हणाला, “सकाळचा चहा इकडे तोंड करून घ्यायला हरकत नाही.” आणि तिथूनच फोन करून त्याने जेसीबी रद्द केला.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला, पण त्यांनी एक अट घातली. “आताच पायो घालू नका. येक पावस जाऊ दे. पाणी खंयसून येता ता आधी बघूक होया. मी बघीन.”

परत येताना घाट चढेपर्यंत मी त्या देवळाचाच विचार करत होते. पश्चिमेच्या उताराने पैसा टिकत नाही असं म्हणतात, त्यावर माझा आजही विश्वास नाही. पण ज्या कुणी त्या डोंगरावर पाण्याला वाट काढून दिली, त्यांनी दगड हलवण्याआधी तिथे किती पावसाळे नुसतं उभं राहून काढले असतील, या विचाराने मी अजून दबून जाते. असं एखादं देऊळ बघायला म्हणून तरी तिकडे जा. पायऱ्या बुळबुळीत असतात, पावसाळ्यात टाळा.

विलासने घरी आल्यावर घराचा कच्चा नकाशा काढला. दार पूर्वेला, ईशान्येला विहीर, पश्चिमेला जाड भिंत. समुद्रासाठी त्या भिंतीत एक छोटी खिडकी ठेवली, खोल आणि वर छज्जा असलेली. ती बाईंनीही मान्य केली.

मागच्या आठवड्यात, ऐन जुलैत, त्यांचा फोन आला. छत्री घेऊन त्या आमच्या जागेवर जाऊन आल्या होत्या. पाणी वाहत होतं त्या कडेने त्यांनी चुना लावलेले दगड मांडून ठेवले होते. नकाशा त्यांनी फोनवर पाहिलेला होता.

“भाऊ, तुमच्या झोपायच्या खोलयेतसून पाण्याचो व्हाळ चल्लो आसा,” त्या म्हणाल्या. “घर उत्तरेक सरकवा.”

“किती?” विलासने विचारलं, आणि फोन कानाला तसाच ठेवून मला खूण करून खोडरबर मागितलं.