मशीन म्हातारं झालं नव्हतं

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं! आम्हाला काय करायचाय नवा प्रोसेसर?" सुधाकरराव दोन्ही हात पसरून म्हणाले.

"माझ्यासाठी? मग मला कोणी विचारलं?"

"त्यात विचारायचं काय? मशीन मधेच बंद पडतं म्हणून कपाळाला हात लावून कोण बसलं होतं? मी?"

विनया कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मे महिन्यातली दुपार. विरारच्या बोळिंजमधल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर, तिचा कॉम्प्युटर पोटाचं झाकण काढून बसला होता आणि त्या उघड्या पोटात टेबलफॅन भणाणत होता. पंखा तिचा होता. ओट्याजवळ उभं राहून जीव जातो म्हणून तिने स्वतः आणलेला. महिनाभर तो मशीनला वारा घालत होता आणि ही घाम पुसत पोळ्या लाटत होती.

स्क्रीनवर एक परदेशी मुलगा दोन बोटांत चौकोनी चकती धरून थांबला होता. बापलेकांनी त्याला थांबवून ठेवला होता, कारण भांडण मधेच आलं होतं.

"त्याने स्वेटर घातलाय," विनया म्हणाली.

"कोणी?"

"या तुमच्या गुरूने. स्वेटर घालून बसलाय आणि सांगतोय, प्रोसेसर तापत नाही म्हणून. त्याला म्हणावं, विरारला ये मे महिन्यात."

कौस्तुभ फस्सकन हसला. सुधाकररावांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं तसा गप्प झाला.

सुधाकरराव विमा कंपनीतून निवृत्त झाले, त्याला वर्ष होत आलं होतं. कौस्तुभची पहिलीच नोकरी. शनिवार-रविवार तेवढा घरात. चार वर्षं या दोघांचं धड बोलणं नव्हतं. मुलाने बापाच्या मनातली लाईन घेतली नाही, त्याचा तो राग. मग कधीतरी या ओव्हरक्लॉकिंगचं निघालं. म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय त्याच्याही पुढे त्याला पळवायचा, आणि किती पळाला त्याचा आकडा ग्रुपवर टाकायचा. बापलेक एका खुर्चीवर दोघं बसून व्हिडिओ बघायला लागले. विनयाला बरं वाटलं होतं. पंखा मागितला तेव्हा तिने मुकाट्याने दिला तो त्यासाठीच.

पण मशीन तिचं होतं. तिच्या कामाचं, तिच्या कामातून घेतलेलं.

गुहागरकडची ही मुलगी लग्न होऊन चंदनसारच्या चाळीत आली, तेव्हा लग्नाचे अल्बम डिंकाने चिकटवायचे दिवस होते. स्टेशनजवळच्या टोनीच्या स्टुडिओत ती फोटो कापायला लागली. पुढे कॅमेरे बदलले, कॉम्प्युटर आले, ती व्हिडिओ मिक्सिंग शिकली. टोनीने स्टुडिओ बंद केला तेव्हा गिऱ्हाइकं शोधत शोधत तिच्या घरी आली. नंदाखालच्या ख्रिस्ती वाड्यांत तर तिच्याशिवाय कोणाला काम देत नसत. मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कुठे कापायची नाही, बँड कुठे आवरायचा, कोणत्या घरात कोणत्या दोन जावा एकमेकींकडे बघत नाहीत म्हणून त्यांना एका फ्रेममध्ये घ्यायचं नाही, हे सगळं ती जाणून होती. लोक तिला डोळे झाकून काम देत, कारण तिने शब्द कधी मोडला नव्हता.

मोडला तो या वर्षी. नंदाखालच्या फ्लॉसीच्या आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. ईस्टरनंतर मोठा जुबिली केला त्यांनी. जुन्या फोटोंपासून सकाळच्या मिसेपर्यंतची सगळी फिल्म रात्रीच्या जेवणाला हॉलमध्ये दाखवायची, असं ठरलं होतं. विनयाने सगळे तुकडे लावून ठेवले, मिसेचा तेवढा राहिला होता. तो घातला आणि सांधून एक अखंड फिल्म करायला मशीन लावलं. मशीन अर्ध्यात बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. हॉलमध्ये पांढरा पडदा टांगलेला, समोर फ्लॉसीचा म्हातारा बाप आलोशियस कोट घालून बसलेला, शेजारी ॲंजेला, आणि विनया रिकाम्या हाताने दारात. "मशीन म्हातारं झालंय हो," ती कशीबशी म्हणाली. ॲंजेला म्हणाली, "असू दे गं पोरी, आम्ही तरी कुठे तरणी राहिलो." सगळे हसले. त्या हसण्याने विनयाला जास्त लागलं.

फ्लॉसीने उद्याच्या रविवारपर्यंत मुदत दिली होती. भाऊ डेन्झिल कुवेतला परत जायच्या आधीचं शेवटचं जेवण. उद्या फिल्म गेली नाही तर नंदाखालचं दार तिला बंद, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि मशीन परवाही अर्ध्यात बंद पडलं होतं.

"आई, ऐक ना," कौस्तुभ समजुतीच्या सुरात म्हणाला, "नवा घेतला की हा त्रासच नाही. याच्यात दमच नाही. जरा वाढवला की बसतो."

"जरा वाढवला की म्हणजे?"

कौस्तुभने जीभ चावली. सुधाकरराव पंख्याकडे बघायला लागले.

"कौस्तुभ, काय वाढवला?"

"स्पीड... आम्ही ओव्हरक्लॉक करून बघत होतो ना. थोडाच. मग तसाच राहिला."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

विनयाने मनातल्या मनात दिवस मोजले. पाडव्यापासून. म्हणजे जुबिलीच्या आधीपासून. मशीन बंद पडलं की ती स्वतःला दोष देत होती. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून तिने काम करताना गाणी लावायची सोडली, दुसरं काही उघडायची सोडली, एकदा तर फ्रिज बंद करून ठेवला आणि दूध नासलं. आणि हे दोघे शेजारी बसून म्हणत होते, जुनं झालं गं आता, नवा प्रोसेसर घ्यायला हवा.

"म्हणजे आधी पाय मोडायचा," ती म्हणाली, "आणि मग म्हणायचं, लंगडं झालंय, दुसरं आणू या. माझ्यासाठी!"

"कोणी मुद्दाम केलं का ते?" सुधाकररावांचा आवाज चढला. "तुझंच काम लवकर व्हावं म्हणून! पंधरा-वीस मिनिटं वाचली असती तुझी!"

"मशीन फिल्म सांधत बसतं तेव्हा मी पोळ्या लाटते. ते लवकर उठलं म्हणून माझ्या पोळ्या लवकर होणारेत? का तुम्ही लाटणार होता?"

तिने मोर्चा मुलाकडे वळवला.

"खरं सांग. नवा आणला आणि तोही असाच पळवला, तर किती फरक पडेल?"

कौस्तुभने बापाकडे पाहिलं, मग खाली. "नवा जुन्यापेक्षा फास्ट आहेच. पण ओव्हरक्लॉक करून फार नाही. हल्ली कंपनीच इतका ताणून देते की वर ताणायला काही उरत नाही. शिवाय बोर्ड, रॅम, कूलर सगळंच बदलावं लागेल."

"मग कशासाठी?"

"मजा येते, आई. आकडा वर गेला की."

"म्हणजे रसवंतीवाल्याने पिळून टाकलेलं चिपाड पुन्हा चरकात घालायचं. घाला. स्वतःचं मशीन आणा आणि घाला. माझ्या मशीनवर माझ्या नावाने नाही. पूर्वी होतं तसं करून दे आधी. आत्ता."

कौस्तुभने मशीन बंद करून चालू केलं, निळ्या पडद्यावर काहीतरी खालीवर केलं आणि म्हणाला, "झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

तव्यावरची पोळी उलटायला लागतो तेवढा वेळ. तेवढ्यासाठी ती पन्नास माणसांसमोर खोटी पडली होती.

तिने हात धुतले, मशीनचं झाकण लावलं, फिल्म सांधायला टाकली. पंख्याची वायर काढून पंखा उचलला आणि ओट्याजवळ नेऊन ठेवला.

"तापेल हं," सुधाकरराव पुटपुटले.

"मीही तापले होते."

ती पोळ्या लाटायला लागली. बाहेर बापलेक मशीनसमोर बसून राहिले. पोळ्या झाल्या, आमटी झाली, कोशिंबीर झाली. ती बाहेर आली तेव्हा फिल्म पूर्ण होऊन पडली होती. तिने शेवट लावून पाहिला. आलोशियस ॲंजेलाच्या बोटात पुन्हा अंगठी घालत होता, ती जाईना, आणि म्हातारी त्याला डोळ्यांनी दटावत होती. सगळं जागच्या जागी.

विनयाने तिथेच उभ्याने फोन लावला.

"फ्लॉसी, फिल्म झाली. उद्या सकाळी मिसेनंतर आणून देते."

"देवाची दया, विनयाताई! मशीन सुधारलं वाटतं?"

"मशीन म्हातारं झालंच नव्हतं गं. मी तुझ्या आईला उगाच खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझी ती ओटीवरची खोली, मला कधीपासून वापर म्हणतेस ती, रिकामी आहे का अजून?"

सुधाकररावांनी मान वर केली.

जेवताना पहिला भात झाला. मग सुधाकररावच म्हणाले, "कसली खोली?"

विनयाने त्यांच्या ताटात आमटी वाढली.

"सोमवारपासून मशीन फ्लॉसीच्या ओटीवर राहील. मी सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. दुपारचं जेवण तुम्ही करायचं, शनिवारी कौस्तुभने. पंखा ओट्याजवळच आहे, उकडणार नाही तुम्हाला."