ठोके ऐकायला केदारखेड्याला

शॉर्टवेव्हचा रेडिओ, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, आठ सेल आणि कमलनं बळेच कोंबलेली कानटोपी, एवढं सामान पिशवीत टाकून मी सकाळी नाशिकहून निघालो. दारात कमल काहीतरी म्हणाली. खाली रिक्षा घुरघुरत होती, म्हणून मी नुसती मान हलवली. अलीकडे आमची ही फारच पुटपुटायला लागली आहे.

जायचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. केदारखेड्याच्या किसन साळवेचा फोन आला होता. किसन आणि मी जालन्याच्या सरकारी बिनतारी कचेरीत बावीस वर्षं शेजारी शेजारी बसून संदेश घेतले. निवृत्तीनंतर तो गावी शेतीवर गेला, मी मुलाकडे नाशिकला आलो. काचबिंदूनं त्याचे डोळे गेले त्यालाही आता सहा वर्षं होत आली. फोनवर तो कधी रडगाणं गात नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज वेगळाच होता.

"ठोके बंद झाले रे," तो म्हणाला. "चार महिने झाले, कायबी येऊन न्हाई राह्यलं. तू मला एवढंच सांग. स्टेशन गेलं, का रेडिओ गेला, का माझे कान गेले?"

ठोके म्हणजे काय ते सांगायला हवं. जगात काही रेडिओ केंद्रं अशी आहेत की त्यांच्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, फक्त वेळ. दर सेकंदाला एक 'टिक' आणि मिनिट भरलं की एक लांब 'टीऽ'. दिवसरात्र. मध्येच कधी स्टेशनचं नाव सांगतात, तेवढंच. आमच्या कचेरीत सकाळच्या पाळीचं पहिलं काम हेच असे. दिल्लीचे ठोके लावायचे, भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याशी मिळवायचं आणि वहीत लिहायचं, 'घड्याळ मिळवले'. मग चहा. आमचं दिल्लीचं केंद्र बंद पडूनही बरीच वर्षं झाली. आता वेळ मोबाईलला आपोआप कळते, उपग्रहावरून येते, मग एवढा खर्च कशाला, असं सगळीकडेच म्हणतात. अमेरिकेतलं असंच जुनं केंद्र बंद करावं की काय, अशी चर्चा मध्यंतरी झाली होती. आमच्या बाजूला त्यातल्या त्यात चीनचं केंद्र ऐकू येतं, दहा मेगाहर्ट्झवर. त्याचेही किती दिवस, कुणास ठाऊक. दिल्ली गेल्यावर किसननं चीन धरलं आणि डोळे गेल्यावर तर त्याची सकाळ त्या ठोक्यांनीच व्हायची.

फोन आल्यावर मी नाशिकला लावून पाहिलं होतं. नुसती खरखर. पण आमच्या इमारतीत इतकी यंत्रं गुरगुरतात की त्यात चीनच काय, शेजारची देवळालीसुद्धा ऐकू यायची नाही. शिवाय किसनच्या कानांचा निकाल नाशिकला बसून कसा लागणार? कानांच्या बाबतीत खात्यात माझा शब्द चालायचा. वादळी हवेत दूरच्या ठाण्याचा संदेश आला की साहेब म्हणायचे, देशमान्यांना बसवा. ते कान घेऊन मी निघालो होतो.

जालना स्टेशनवर दुपारी उतरलो. बाहेर मोसंबीच्या गाड्या तशाच उभ्या होत्या. आमची जुनी कचेरी बघायचा मोह झाला, म्हणून वाकडी वाट केली. तिथं आता दुकानांचे गाळे आहेत. आमचा तारेचा खांब जिथं होता तिथं एक बाई पाणीपुरी खात होती. मी उगाच पाच मिनिटं उभा राहिलो.

केदारखेड्याला राजूरवरून जावं लागतं; त्या राजूरच्या बसमध्ये शेजारी एक आजीबाई होत्या. पिशवीतून डोकावणाऱ्या तारेकडे बघत त्यांनी विचारलं, "मोटार भरता का हो तुम्ही?" (पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार पुन्हा तार गुंडाळून देतात, त्याला इकडं मोटार भरणं म्हणतात.)

"नाही आजी, रेडिओ लावायला चाललोय. मित्राकडे."

"रेडू? आता कोण ऐकून राह्यलं रेडू? बरं, आमची मोटार जळाली व्हती, म्हणून इच्यारलं." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. माझा भाव त्यांच्या लेखी एकदम उतरला होता.

राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं. चतुर्थी नसल्यानं गर्दी बेताची होती, पेढ्यांची दुकानं निवांत होती. भजी खात बसलो आणि केदारखेड्याची बस डोळ्यांदेखत निघून गेली. वेळ बघायला निघालेल्या माणसाची बस चुकावी, याला काय म्हणावं! कंडक्टरनं दोनदा हाळी दिली होती, असं भजीवाला म्हणाला. मला काही ऐकू आली नाही. गर्दीत लक्ष नसेल. शेवटी एका काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, दोन्ही बाजूंचा वेचणीला आलेला कापूस बघत, उन्हं कलताना केदारखेड्याला पोचलो.

किसन ओसरीत बाजेवर बसला होता. माझं पाऊल ऐकून म्हणाला, "आला का देशमान्या? डावा पाय अजून घासतच चालतो." मी त्याच्या शेजारी बसलो. तो वाळला होता. मांडीवर जुना रेडिओ होता, बंद.

त्याची सून सुनीता चहा घेऊन आली. तिनं मला आत बोलावलं आणि हळूच काहीतरी सांगितलं. पुन्हा सांगायला लावल्यावर कळलं. "काका, मामा चार महिन्यांखालपासून बोलतच न्हाईत. (सासऱ्याला इकडं मामा म्हणतात.) बोलणारा मोबाईल आणून दिला, तो वेळ सांगतो, तर म्हणले हा दुसऱ्याचं ऐकून सांगून राह्यलाय. कान गेले म्हणून मनात घेतलंय. डोळे गेल्ते तवा बी एवढे खचले नव्हते."

रात्रीचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि येसर (भाजून दळलेल्या धान्या-डाळींच्या मसाल्याची आमटी). इतक्या वर्षांनी येसर तोंडात गेलं आणि मी तीन वाट्या प्यालो.

सकाळी उठून मी तपासाला लागलो. किसनचा रेडिओ लावला, माझा लावला. दोन्हींवर एकच गुरगुर. म्हणजे रेडिओचा दोष नव्हता. मग चोर सापडला. बरोबर चार महिन्यांपूर्वी घरात इन्व्हर्टर बसवला होता. तो बंद केला तेव्हा आवाज निम्मा झाला. उरलेली गुरगुर शेजारच्यांच्या इन्व्हर्टरची आणि रस्त्यावरच्या नव्या दिव्यांची. शॉर्टवेव्ह फार भिडस्त, घरात कुणी मोठ्यानं बोललं की ती गप्प बसते. मी म्हटलं, "चला रानात."

सुनीताला तसंही रानात जायचंच होतं. किसनचा हात धरून आम्ही पूर्णा नदीच्या बाजूला त्याच्या वावरात गेलो. (वावर म्हणजे शेत.) ज्वारी कणसात आली होती. बांधावर कडुलिंबाचं झाड होतं. मी तारेच्या टोकाला दगड बांधून फेकला, तो पहिल्यांदा माझ्याच पायावर आला. दुसऱ्यांदा फांदीवरून गेला. किसन धाबळी पांघरून झाडाखाली बसला, भाकरीचा डबा मांडीवर घेऊन. सव्वासात वाजले होते.

दहा मेगाहर्ट्झ लावलं. गुरगुर गेली होती. राहिली ती आमची जुनी, पातळ, भरड पीठ चाळल्यासारखी खरखर. तिनंच मला गहिवरून आलं. मी बटण बारीक बारीक फिरवलं, तार ओढली, सेल बदलले, रेडिओ कानाला लावला. दहा मिनिटं गेली. ठोके नव्हते.

वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. स्टेशन गेलं असेल तर किसनचे कान शाबूत ठरत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "स्टेशन गेलं, किसन. बंद केलं त्यांनी. तुझ्या कानांना काही झालेलं नाही."

किसननं बोट वर केलं. "गप."

मग ते बोट भाकरीच्या डब्यावर आलं आणि पडू लागलं. टक. टक. टक. म्हातारा मनानंच ठोके ऐकतोय, आता याला कसं सांगायचं? मी खिशातला मोबाईल काढला, घड्याळाचा सेकंदाचा आकडा बघितला. बोट आणि आकडा बरोबर चालले होते. पन्नास, एक्कावन्न, बावन्न. किसनला मोबाईल दिसणं शक्य नव्हतं.

"आता," तो म्हणाला. आकड्यावर शून्य शून्य आलं होतं.

सुनीता खुरपं टाकून जवळ आली, वाकली. "हाये की, मामा! बारीक टिक टिक करून राह्यलं. काका, तुम्हाला न्हाई येत?"

मला नव्हतं येत. खरखर येत होती, लिंबावरचे पक्षीसुद्धा दिसत होते, चोची हलत होत्या, पण आवाज? तेवढ्यात रिक्षा, कंडक्टरची हाळी, पुटपुटणारी बायको, सगळं एका ओळीत माझ्यापुढे उभं राहिलं.

किसननं मान माझ्याकडे वळवली आणि बावीस वर्षं विचारला तोच प्रश्न विचारला. "मिळालं का?"

'हो' म्हणायला काय जात होतं? तो आंधळा, मी जगाचा कानसेन. पण आमच्या पेशात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली जाते. न मिळालेल्या संदेशाची पोच द्यायची नाही. नव्या नोकरीत मी एकदा दिली होती, अर्धवट ऐकलेल्या संदेशाची, साहेबांपुढे कमीपणा नको म्हणून. किसननं गुपचूप समोरच्या ठाण्याला संदेश पुन्हा मागितला आणि माझी चूक सुधारली. कुणाला कळू दिलं नाही. आज त्याच माणसाला खोटी पोच द्यायची?

"नाही मिळालं, किसन," मी म्हणालो. "कान माझे गेलेत."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं, कोटाची बाही वर सारली आणि नाडीच्या जागेवर बोट टेकवलं. टक. टक. टक. चीनहून निघालेला सेकंद केदारखेड्याच्या रानातून किसनच्या कानात आणि त्याच्या बोटातून माझ्या हातात येत होता. सात एकोणतीसला त्याचं बोट बदललं. "आता नाव सांगून राह्यलंय," तो म्हणाला, आणि लांब-आखूड, लांब-आखूड, कट्टकडकट्ट करत, मोर्सच्या खुणांत, स्टेशनच्या नावाची तीन अक्षरं त्यानं माझ्या मनगटावर वाजवली. मग पुन्हा वाजवली. तीनच अक्षरं. ती वाचायला मला कान लागले नाहीत.

"आता चिनीबाई बोलते," किसन म्हणाला. "हिचा आवाज बी तसाच हाये. मला वाटलं, गेली बिचारी."

माझे डोळे भरून आले होते. ते त्याला दिसत नव्हते, हे एक बरं. पण सुनीता बघत होती.

"मिळालं," मी म्हणालो. "बिलकुल बराबर मिळालं."

तेव्हा मात्र तो हसला. "मंग जमा लिही. स्टेशन हाये, रेडिओ हाये, माझे कान बी हायेत. खर्ची फक्त तुझे."

भाकरी-ठेचा तिथंच बांधावर खाल्ला. येताना किसन इतका बोलत होता की सुनीताला मला काही विचारायलाही फट मिळाली नाही. रोज रानात येताना मामांना संगं आणीन, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा मोठ्यानं, माझ्यासाठी. माझा रेडिओ आणि तार मी तिथंच ठेवली. निघताना मी किसनला विचारलं, "आणि उद्या खरंच बंद केलं त्यांनी, तर?"

"दिल्ली बंद झाली तवा चीन लावलं," तो म्हणाला. "हे बंद झालं तर बघू. तवर तर ऐकू दे."

नाशिकला पोचलो तेव्हा कमलनं दार उघडलं. मी आत जाण्याआधी विचारलं, "निघताना तू काय म्हणाली होतीस गं?"

ती माझ्या कानाशी आली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हटलं होतं, मित्राचे कान तपासून झाले की आपलेही दाखवून या."

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. यंत्र लावावं लागेल, हे मला माहीत आहे. पण ठोक्यांची माझी सोय आधीच झाली आहे. रोज सकाळी साडेसातच्या सुमारास केदारखेड्याच्या रानातून फोन येतो. मी तो कानाला घट्ट दाबून धरतो. पलीकडे किसन बोलत नाही. तो फक्त भाकरीच्या डब्यावर चमचा वाजवतो, साठ वेळा, आणि साठावा जोरात. मोबाईलवरून यायला त्याला थोडा उशीर होतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी मी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ त्या ठोक्याला मिळवतो.

"मिळालं का?" किसन ओरडून विचारतो.

ऐकू आलं असेल तरच मी हो म्हणतो. नसेल आलं तर नाही म्हणतो, आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाजवतो.