अकरा जणांची वाटी

शालन आडवी होते तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजलेत. झोपायचं असं काही तिने ठरवलेलं नाही. सकाळपाळी उरकून आलेल्या नर्सबाईला झोप ठरवावी लागत नाही. सतरंजीला पाठ टेकली की काम झालं. उशाशी तिचा जेवणाचा रिकामा डबा आहे, डब्याखाली एक कागद आहे, आणि त्या कागदावर सही करून तो पाचच्या आत चौगुले सरांच्या टेबलावर पोचवायचा आहे. सही कुठे करायची तिथे सरांनी पेन्सिलने बारीक फुली मारून दिलीय. जसं काही तेरा वर्षं नोकरी करून शालनला आपलं नाव कुठे लिहायचं ते कळत नाही.

चौगुले सर म्हणजे गावाबाहेरच्या वृद्धनिवासाचे व्यवस्थापक. माणूस बोलायला गोड. ‘‘सिस्टर, वाचत बसू नका, तुमच्याच भल्याचं आहे सगळं,’’ असं म्हणाले. शालनने वाचलं. कागदावर लिहिलंय की निवासात कुठलाही संसर्ग नव्हता आणि आजही नाही. प्रत्येक खाटेसाठी वेगळं साहित्य वापरलं जातं. तशी सूचना भिंतीवर कायम लावलेली होती. गोदावरी मगदूम, वय एक्क्याऐंशी, यांचा मृत्यू वयोमानाने झाला. उद्या तालुक्याहून साहेब तपासणीला येणार आहेत, त्यांना दाखवायला हे लागतं.

शेजारणीने कुकर लावलाय. एक शिट्टी होते. जरा वेळाने दुसरी. तिसरीला ती गॅस बंद करते, हे शालनला रोजचं पाठ आहे, म्हणून ती तिसरीची वाट बघत पडून राहते. तिसरी काही होत नाही. पापण्या जड होतात आणि कुठेतरी तांब्यात पाणी पडल्याचा आवाज येतो.

‘‘तांब्या हिकडं सरकीव की गं जरा.’’

गोदाक्का न्हाणीत बसलीय. शालनच्याच घराच्या न्हाणीत, पाटावर, पाय लांब करून, तान्ह्या पोराला न्हाऊ घालायला बसतात तशी. पायांवर मात्र पोर नाही. गोदाक्काला जाऊन सोळा दिवस झाले, हे शालनला पक्कं ठाऊक आहे. तोंड पुसून हनुवटीला पट्टी तिनेच बांधली होती. तरी तिला नवल वाटत नाही. अक्का उठून बसलीय, आणि कुणाचा हात न धरता बसलीय, याचंच तिला फार बरं वाटतं.

‘‘पाठ कशी आहे अक्का?’’

‘‘हाय तशीच. बघायची तर बघ.’’

शालन बघत नाही. ती तांब्या पुढे सरकवते आणि नळाकडे तोंड करून उभी राहते.

ही गोदाक्का म्हणजे निवासातली पाच नंबरची खाट. पण त्याआधी पन्नास वर्षं तिने पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना शेकलं आणि त्यांच्या पोरांना तेल लावून न्हाऊ घातलं. निम्मं गाव तिच्या पायांवर रडलेलं. तिचा एकच नेम होता. ज्या घरचं पोर, त्या घरची तेलाची वाटी. एका पोराला लावून उरलेलं तेल दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही, मग ती सख्ख्या बहिणीची पोरं का असेनात. तिच्या हातचं पोर फोडाखांडकाने गेलं नाही, ही बढाई ती निवासात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. आम्ही सगळ्या हसायचो, असं आता शालन म्हणते, पण खरं तर हसायची ती एकटीच.

‘‘चल,’’ गोदाक्का म्हणते आणि उठून न्हाणीचं दार ढकलते.

दाराबाहेर गल्ली असायला हवी. आहे तो निवासाचा हॉल, अकरा खाटांचा, झेंडूच्या माळा लावलेला. नरकचतुर्दशीची सकाळ आहे. देणगीदारांच्या घरच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्यात, म्हाताऱ्यांना अभ्यंगस्नानाचं तेल लावायला. त्यांचे चेहरे काही केल्या नीट दिसत नाहीत, नुसत्या बांगड्या दिसतात. चांदीची वाटी, सुगंधी तेल, वर उटण्याचा वास. एक खाट झाली की फोटो, मग पुढची खाट. बायकांच्या मनात काही खोट नाही, उलट एकीच्या डोळ्यांत पाणी आलंय. शालनला वाटतं, आता तरी ओरडावं. तोंड उघडतं, पण बाहेर येतं ते ‘या, या, बसा’ एवढंच.

चार नंबरच्या, तात्यांच्या खाटेमागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. लाल पेनाने शालननेच लिहिलाय: तात्यांच्या पाठीवर पुवाचे फोड आहेत, हातमोजे घालावेत, टॉवेल वेगळा, कुणीही थेट हात लावू नये. चौगुले सर शेजारी येऊन हळूच म्हणतात, ‘‘सिस्टर, फोटोत बरं नाही दिसत ते.’’ आणि शालन बघते तर तिचाच हात वर जातोय, तिच्याच बोटांनी कागदाचं टोक धरलंय, आणि कागद सालपटासारखा अलगद सुटून येतोय. ती त्याची घडी घालते, ॲप्रनच्या खिशात ठेवते. स्वप्नातसुद्धा नीट चार घड्या.

बांगड्यांचे हात तात्यांच्या पाठीवरून फिरतात. मग त्याच वाटीत बोटं बुडवून पाचव्या खाटेकडे वळतात. अंथरुणाला खिळून गोदाक्काच्या कमरेवर जखम झालेली आहे, रुपयाएवढी.

‘‘बाय, वाटी बदला की,’’ खाटेवरची गोदाक्का म्हणते. ‘‘ज्याची वाटी त्याला.’’

शालन तिच्या कानाशी वाकते. ‘‘अक्का, गप बसा. पाहुणे आहेत.’’

हे ती म्हणाली होती. अगदी याच शब्दांत म्हणाली होती. गेले सोळा दिवस भांडी घासताना, कुलूप लावताना, रिक्षाची वाट बघताना तिला हेच ऐकू येतं, आणि लाज इतकी वाटते की ती मान खाली घालून चालते. गोदाक्का तेव्हा खरंच गप बसली. पाडव्याला ताप चढला तरी फारसं बोलली नाही. कामाच्या दोन्ही मावश्या सणाच्या रजेवर, डॉक्टर भाऊबीज झाल्यावर येणार, आणि अकरा म्हाताऱ्यांमागे एकटी शालन. ‘‘कूस बदल गं,’’ एवढं मात्र अक्का अधूनमधून म्हणायची. दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता असतो. तो शालनने संध्याकाळी एका बैठकीत, एकाच पेनाने, बरोबरच्या खुणा करत भरून टाकला.

‘‘वाटी कुठवर गेली?’’ गोदाक्का विचारते. ती आता एस.टी. स्टँडच्या बाकावर बसलीय, मांडीवर पिशवी घेऊन.

‘‘शेवटपर्यंत, अक्का. अकरा नंबरपर्यंत.’’

‘‘म्हंजे माझ्यावर थांबली न्हाई म्हण की.’’

फलाटांवर गाड्या नाहीत. गाड्यांच्या जागी खाटा लागल्यात, नंबरवार. त्यांवर म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड करून झोपलीत आणि कुणीतरी कर्ण्यावरून सांगतंय की सर्वांनी आपापल्या जागी थांबावे, विलंबाबद्दल क्षमस्व. पाच नंबर रिकामा आहे. सहा नंबरला सकाळपासून कणकण आहे, हे शालनने आज सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले होते, उद्याची तपासणी होऊन जाऊ दे.

गोदाक्का पिशवी काखेत मारून चालायला लागते. सात. आठ. शालनला कळतं ती कुठे निघालीय ते.

‘‘अक्का, तिकडं नको.’’

नऊ नंबरला शालनची आई आहे. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. दोन वर्षांपूर्वी शालन तिला घरात कोंडून कामावर जायची, दुसरा इलाज नव्हता, घरात दुसरं माणूसच नाही. एकदा परतली तेव्हा आई खाटेखाली पडलेली होती, सकाळपासून, स्वतःच्या लघवीत. तिने शालनला शिव्या दिल्या नाहीत, ‘‘आलीस का,’’ एवढंच विचारलं. त्यानंतर शालन चौगुले सरांच्या पाया पडली आणि कर्मचाऱ्याची आई म्हणून नऊ नंबरची खाट मिळाली. ती खाट शालनच्या नोकरीवर टिकून आहे, आणि नोकरी आता त्या पेन्सिलीच्या फुलीवर.

गोदाक्का नवव्या खाटेवरची चादर बाजूला करते.

‘‘खांद्यावर काय हे?’’

‘‘घामोळं आलंय.’’

‘‘कार्तिकात?’’

शालन चादर परत वर ओढते. सकाळी आईचा गाऊन बदलताना तिने ते बघितलं होतं. पाच-सहा पुटकुळ्या, दोन पिकलेल्या. बघितलं, आणि घामोळं असं मनाशी ठरवून वर पावडर टाकली. नर्सिंगचं शिकलेली बाई. तिला आत्ता, झोपेतही, भीती वाटते. कारण कागदावर एकदा संसर्ग नाही असं लिहिलं की तो शोधायचं कारणच उरत नाही. मग डॉक्टर कशाला येतील, आणि येऊन काय बघतील? आणि सही केली नाही, तर आईला घेऊन जा म्हणतील.

‘‘मग ने की घरला,’’ गोदाक्का म्हणते, शालनने काही न बोलताच.

‘‘घरी कोण आहे अक्का? परत कोंडून ठेवू?’’

गोदाक्का खाटेच्या कडेवर बसते. पायाच्या अंगठ्याने ती फरशी खरवडते.

‘‘तर मग मला इचारतीस कशाला?’’

‘‘मला वाटलं…’’ शालनला रडू फुटतं, लहान मुलीसारखं, नाक वाहेपर्यंत. ‘‘मला वाटलं तुम्ही माफ केलं म्हणाल.’’

‘‘केलं की. त्यात काय. पण माफ करून वाटी धुतली जातीय व्हय?’’

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हे साधं विचारते, बाळंतिणीला पोर प्यायलं का असं विचारावं तितकं साधं.

‘‘माझं एक काम कर,’’ गोदाक्का म्हणते आणि खाटेवर आडवी होते. नऊ नंबरची खाट आता पाच नंबरची आहे, माळा सुकल्यात, हॉलमध्ये आणखी कुणी नाही. ‘‘कूस बदल माझी.’’

हे शालनला करता येतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेला टेकवून. ती अक्काला आपल्याकडे वळवते. समोर तोंड यायला हवं, पण येते ती पाठ. तिला वाटतं आपण उलटं वळवलं. पुन्हा हात घालते, पुन्हा वळवते. पुन्हा पाठच, तेलाने चमकणारी, आणि जखम आता रुपयाएवढी राहिलेली नाही. ‘‘अक्का, तोंड कुठाय तुमचं?’’ ती वळवत राहते. तेलाने हात निसटतात. शरीर हलकं होत जातं, ओळखीचं होत जातं, आणि डावी बाजू हाताला निर्जीव लागते.

‘‘आलीस का,’’ पाठ विचारते.

तिसरी शिट्टी होते.

शालन उठून बसते. साडेचार वाजून गेलेत. शेजारणीने दुसरा कुकर लावला असावा. तोंडाला कोरड पडलीय, गालावर सतरंजीचे वळ उमटलेत. ती घटाघटा पाणी पिते, तोंडावर मारते, पदराने पुसते. साडी बदलायला वेळ नाही, रिक्षा मिळाली तरी निवास वीस मिनिटांवर आहे. ती डबा उचलते आणि खालचा कागद ओढते.

कागदावर तेल सांडलंय. सांडलंय असंही नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, बरोबर पेन्सिलीच्या फुलीभोवती, एक गोल उमटलाय. डबा केवढा, आणि हा गोल त्याच्या निम्माही नाही. वाटीच्या बुडाएवढा आहे. शालन डबा उलटा करून बघते, कोरडा आहे, वासही साबणाचा. कागद नाकाशी नेते. उटणं. दिवाळीपासून तिने स्वतःच्या डोक्यालासुद्धा तेल लावलेलं नाही.

ती कागद मांडीवर धरून बसते. उजेडात धरला तर गोलातून पलीकडचं दार दिसतं. मोबाइल वाजतो, चौगुले सरांचा. ती उचलत नाही. वाजून बंद होतो, पुन्हा वाजतो.

मग ती खिडकीतलं पेन घेते, कागद डब्याच्या पाठीवर ठेवते आणि फुलीवर टोक टेकवते. पेन सरकतं, पण अक्षर उमटत नाही. ती हातावर पेन घासून बघते, हातावर निळी रेघ येते. पुन्हा फुलीवर टेकवते. नुसता ओरखडा.

बाहेर गल्लीत एक रिक्षा थांबलीय, रिक्षावाला हॉर्न देतो. आईचे गाऊन धुऊन वाळत घातलेत, ते न्यायला हवेत, संध्याकाळी तिला बदलायला लागतील. शालन दोरीवरून ते ओढून पिशवीत कोंबते. परत येऊन बसते. पेन दोन बोटं डावीकडे नेते, तेलाच्या बाहेर.

शालन आप्पासो कोरे.

तिथे पेन चालतं.