दादाच्या वाट्याची बंदूक

माझ्या थोरल्या भावाला मी दादा म्हणते, कारण लहानपणी जिभेला लागलेलं वळण सुटत नाही. नाहीतर त्या माणसात दादा म्हणण्यासारखं काही नाही. नोंदणी कचेरीत बत्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, आणि तेही तिरके.

आमचे बाबा फळबागेचे राखणदार. आजोबांची दुनळी बंदूक त्यांच्याकडे आली होती. दस्त्याला तडा गेलेला, तो तारेने आवळलेला, पण नळ्या आतून आरशासारख्या. दादा नऊ वर्षांचा आणि मी सात वर्षांची असताना बाबांनी आम्हा दोघांना बागेत नेऊन एक बार काढला. दादा पळत पंपाच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावून बसला. मी बाबांच्या मागे लागले, "अजून एक काढा ना!" त्या दिवसापासून बंदूक पुसायचं काम माझं झालं. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून ओढायची, मग तेलाचा हात द्यायचा.

पुढे मी दवाखान्यात परिचारिका झाले, लग्न केलं नाही, बाबांजवळच राहिले. शेवटची दोन वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं. पहाटे रानडुकरं बागेत शिरली की ते माझ्याशेजारी उभे राहून आवाजाची दिशा सांगत आणि बार मी काढत असे. परवाना त्यांचा, खांदा माझा. कायद्यात ते बसत नव्हतं, पण बाग वाचत होती.

बाबा गेले. तेरा दिवसही झाले नसतील, दादा दारात हजर. बाबांच्या आजारपणात याला कचेरीतून रजा मिळत नव्हती, आता बरी मिळाली.

"बंदूक मुलाकडेच जाते," तो म्हणाला.

"तुला ती उघडता तरी येते का?"

"त्यात काय उघडायचंय? बंदूक आहे ती, डबा नाही."

माझी हरकत नाही, अशी मी सही करून दिली. भांडायचं त्राण नव्हतं, हे एक. आणि नातेवाईक सगळे त्याच्या बाजूने माना डोलावत होते, हे दुसरं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान फणा तरी असतो.

दादाने काय केलं? स्टुडिओत जाऊन बंदुकीसह फोटो काढला. पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर खुंट्या ठोकून तिला टांगली. केसांना लावायचं वासाचं तेल नळ्यांना चोपडलं. मी एकदा गेले तेव्हा खोलीत बंदूक कमी आणि न्हाव्याचं दुकान जास्त वाटत होतं. आल्यागेल्याला हा बाबांच्या गोष्टी सांगायचा, फक्त बाबांच्या जागी स्वतःला घालून. "आम्ही बागेत दबा धरून बसलो होतो..." आम्ही! पंपाच्या खोलीतला आम्ही!

दोन वर्षांनी डुकरांनी बागा पार नासवल्या. बागवाल्यांनी डुक्कर मारायची रीतसर परवानगी काढली आणि ते दादाकडे आले. नाही म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडे आली. "वन्सं, तुम्ही बरोबर जा. ह्यांचं काही खरं नाही."

नवऱ्याला ओळखणारी बाई. मी गेले.

उजाडताना आम्ही बागेतल्या पाण्याच्या टाकीवर चढलो. दादाच्या डोक्यावर नवी टोपी, पायात नवे बूट, गळ्यात दुर्बीण. खाली आठ-दहा माणसं तमाशा बघायला. काडतुसं मीच भरून दिली आणि म्हटलं, "दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाब. एका वेळी एकच चाप ओढ."

"मला शिकवू नकोस."

झाडांच्या ओळीतून पाच डुकरं निघाली. पुढचं चांगलंच थोराड होतं. दादाने दस्ता गळ्याखालच्या हाडावर टेकवला, डोळे मिटले, हो, दोन्ही डोळे, आणि दोन्ही चाप एकदम ओढले. दादा मागे उताणा, टोपी खाली बागवाल्यांत, आणि सगळे छर्रे पंपाच्या खोलीच्या पत्र्यात. डुकरं आली तशी गेली. मी बंदूक उघडून रिकामी केली आणि मग दादाकडे पाहिलं. हाड मोडलं होतं. माझीच ओढणी फाडून मी त्याचा हात गळ्यात बांधला.

"लागलं का त्याला?" तो कण्हत विचारत होता.

"पत्र्याला लागलं."

प्रकरण इथेच संपायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला, चरात, एक डुक्कर मेलेलं सापडलं. मी कामावर जाताना थांबून नीट पाहिलं. मागचा पाय चेचलेला, कातडीत गाडीच्या दिव्याच्या काचा रुतलेल्या. अंगावर छर्र्याचं एक भोक नाही.

"दादांचाच बार," एक बागवाला म्हणाला. "जखमी होऊन इथवर आलं बघा."

"भोक दाखवा कुठे आहे ते."

"बुजलं असेल, ताई."

"आणि या काचा?"

"त्या रस्त्यावरच्या असतील."

लोकांना काय बघायचं हे एकदा ठरलं, की डोळ्यांना काही काम उरत नाही. स्थानिक पेपरात दादाचा तो स्टुडिओतला फोटो छापून आला. गळ्यात हात अडकवून हा महिनाभर असा हिंडला, जणू डुकराशी कुस्ती खेळून आलाय. मी गप्प बसले. मला वाटलं, कुठे त्या फुग्याला टाचणी लावायची. खरं तर चार माणसांसमोर तोंड उघडायचा मला कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला मी मोठेपणा समजत होते.

पुढच्या उन्हाळ्यात बाजाराच्या मागे एक कुत्रं पिसाळल्याची आवई उठली. तोंडातून फेस, मान वाकडी, जवळ गेलं की गुरगुरतं. लोक जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचे सोडून दादाकडे धावले. दवाखाना समोरच, मी पायरीवर उभी राहून सगळं पाहिलं. वखारीच्या भिंतीला टेकून ते कुत्रं बसलं होतं. दादाने बंदूक उचलली. नळी अशी थरथरत होती की कुत्र्यासकट अख्खी वखार धोक्यात होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. मग त्याने बंदूक खाली केली आणि मान खाली घालून चालू लागला.

मागे कुणीतरी हसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्यासाठी पोटात तुटलं. हे मी कबूल करते, कारण ते फार वेळ टिकलं नाही.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दोरीचा फास टाकून कुत्र्याचं तोंड उघडलं, तर जबड्यात हाडाचा तुकडा आडवा अडकलेला. काढल्याबरोबर कुत्रं पाणी प्यायलं आणि शेपूट हलवत गेलं. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, "दादांनी ओळखलं होतं. जाणता शिकारी उगाच चाप ओढत नाही."

मी त्याच्या घरी गेले. हा खुर्चीत बसून दोन शेजाऱ्यांना सांगत होता, "जनावराच्या डोळ्यांत बघितलं की कळतं." शेजारी जाईपर्यंत मी थांबले.

"दादा, तुझी नळी मला पायरीवरून दिसत होती."

तो हळूच म्हणाला, "मला त्या आवाजाची अजून भीती वाटते गं."

"मग बंदूक माझ्या नावावर कर."

"लोक काय म्हणतील?"

मला त्याची नस ठाऊक होती. म्हटलं, "म्हणतील, केवढं मन! बहिणीसाठी वडिलांची बंदूक सोडली."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठवड्याच्या आत अर्ज गेला. चौकशी, शिक्के, सरळ आणि तिरके, यांत सात महिने गेले, आणि परवाना माझ्या नावावर झाला. दादा आता हातवारे करून सांगतो की बायकांना पुढे आणलं पाहिजे, सुरुवात घरातून केली पाहिजे. महिला मंडळाने त्याला भाषणालाही बोलावलं. पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची होती. मी गेले नाही. त्या दिवशी घरी बसून नळ्यांतलं ते वासाचं तेल खरवडत होते. चार चिंध्या लागल्या.

आता आठवड्यातून तीन दिवस पहाटे मी बागेत असते. डुक्कर सहसा मारावं लागत नाही, हवेत एक बार पुरतो. पन्नाशी उलटली आहे, खांदा दिवसभर ठणकतो. दवाखान्यात इंजेक्शन देताना रुग्ण विचारतात, "सिस्टर, हात का अवघडलाय?" मी सांगते, "बंदुकीचा झटका." ते हसतात. त्यांना वाटतं, मी थट्टा करते. मग आदराने विचारतात, "तुम्ही त्या शिकारी दादांच्या बहीण ना?"