बूट घालता घालता

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे डॉक्टर म्हणतात. हे इस्पितळात एक्स-रे काढतात, बत्तीस वर्षं. माणसाला यंत्रापुढे उभं करायचं, श्वास धरायला लावायचा, बटण दाबायचं. फोटोत काय आहे ते सांगणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. पण अंगावर पांढरा कोट असला की कोण विचारतं? कुणाचा गुडघा, कुणाचं पोट, हे चहाबरोबर निकाल देत आले आणि लोक माना डोलवत गेले. मीही कधी अडवलं नाही. डॉक्टरची बायको म्हटलेलं मलाही गोड लागायचं.

वन्संना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीला, दोन महिने खोकला होता. एकदा आमच्या दारातच त्यांनी ह्यांना विचारलं. कामाला उशीर झालेला, हे वाकून बुटाची नाडी बांधत होते. "काही नाही गं, हवा बदललीय," म्हणाले आणि गेले.

झालं. मग त्यांचा जावई म्हणो, शेजारीण म्हणो, तपासून घ्या म्हटलं की वन्संचं एकच, माझा भाऊ बोललाय. परवा त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं. जावयाने फोन केला तो ह्यांनाच धारेवर धरायला: मामा, तुम्हीच म्हणालात ना काही नाही?

तेव्हापासून ह्यांचा पाय एका जागी ठरेना. जेवताना तीनदा उठले. बंद नळ पुन्हा बंद करून आले. सकाळी मला घेऊन बहिणीला इस्पितळात न्यायला गेले, तर वन्सं जागच्या हलायला तयार नाहीत. तेव्हा शांत डोक्याने सांगितलंस, आता घाबरून सांगतोस, तेव्हाचंच खरं, असं त्यांचं म्हणणं. हे खोलीभर येरझाऱ्या घालत राहिले. मला राग आला आणि कीवही आली.

मग हे थांबले. "ताई, मी फक्त फोटो काढतो. त्यातलं मला कळत नाही. कधीच कळलेलं नाही."

"मग तेव्हा कशाला बोललास?"

"बूट घालत होतो."

वन्संनी गॅस बंद केला, पर्स उचलली.

इस्पितळात ह्यांनीच त्यांना यंत्रापुढे उभं केलं. श्वास धरा, म्हणाले. सख्ख्या बहिणीला अहो-जाहो. फोटो आला, आणि वन्संनी सवयीने विचारलं, काय दिसतंय रे? ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फोटो घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

वन्संनी माझा हात धरला. "हा गप्प का गं? काही नाही, एवढं तरी म्हणायचं."